पितळी चकती, ७२ मिलिमीटर

ज्याला आपल्याला काय हवं आहे हे नेमकं ठाऊक असतं, त्याला ते मिळाल्यावाचून राहत नाही.

हे वाक्य माझं आहे. रोह्याच्या एमआयडीसीत रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत मी स्टोअरकीपर होतो. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, म्हणजे आपण काहीतरी मोठं उभारतो आहोत असं माणसाला वाटत असतं त्या वयात, मी ते हिरव्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत रंगवून घेतलं आणि स्टोअरच्या खिडकीवर ठोकलं. पाटी मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होती. पावसाळ्यात फिटर लोक तिच्या खिळ्यांवर ओले हातमोजे वाळत घालत, त्यामुळे वर्षातले चार महिने त्या वाक्याची दोन्ही टोकं झाकलेली असत. त्याने कुणाचं काही अडलं नाही. त्या पाटीखाली येऊन उभ्या राहिलेल्या माणसांपैकी निम्म्यांना आपल्याला काय हवं आहे हे ठाऊक नसे, आणि उरलेल्यांना त्याचं नाव ठाऊक नसे.

स्टोअरचा नियम सरळ होता. बाहेरच्याने खिडकीशी यायचं, चिठ्ठीवर वस्तूचं नाव आणि माप लिहायचं, मी आत जाऊन ती आणायची. खिडकीच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही. एकदा माणसं आत फिरू लागली की वस्तू जागा सोडतात, आणि जागा सोडलेली वस्तू हरवलेल्या वस्तूसारखीच असते, असं माझं मत होतं. अजूनही आहे, पण पूर्वीइतक्या मोठ्या आवाजात मी ते सांगत नाही.

या नियमाला सर्वांत मोठा त्रास एका फिटरचा होता. आतल्या बाजूच्या गावातला माणूस, हातात जादू, आणि चिठ्ठीशी जन्माचं वैर. तो यायचा, मोडका तुकडा खिडकीच्या फळीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "असलं काय तरी द्या."

"नाव काय याचं?"

"नाव काय ठाऊक नाय. आत सोडा, बघितलं की सांगतो."

"आत सोडता येत नाही."

"मग तुम्हीच बघा. पण तुम्हाला दिसायचं नाय."

हा संवाद आमच्यात वीस-बावीस वर्षं चालला. त्यात बदल घडवण्याचा कंपनीने एकच प्रयत्न केला. स्टोअरमध्ये संगणक आला. उद्घाटनाला मुंबईहून साहेब आले, लाल फीत कापली, 'आता कोणतीही वस्तू क्षणात सापडेल' असं भाषण केलं. फीत आणि कात्री मीच दिली होती. दोन्हींच्या चिठ्ठ्या माझ्याकडे होत्या. कात्री परत आली नाही. संगणकात वस्तू क्षणात सापडायची हे खरं होतं, मात्र तिचा अकरा आकडी क्रमांक ठाऊक असेल तर. दुसऱ्या दिवशी फिटर आला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ह्यात शिरता येतंय का?"

निवृत्तीनंतर तो रोह्याजवळ वरसेला घर बांधून राहिला. मी आधीपासून वरसेलाच होतो. आता आमच्यामध्ये खिडकी नव्हती, दोन गल्ल्या होत्या, आणि संध्याकाळी आम्ही बरोबर फिरायला जाऊ लागलो. माणसं याला मैत्री म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात पेणहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

"झोपला होतास काय रे?"

"नाही, ताई."

"मग आवाज असा काय?"

"रिटायर झालोय."

"ते झालास त्याला चार वर्षं झाली. ऐक, चकती फुटली."

ताईची चकती म्हणजे तिच्या सोऱ्याची चकती. पितळेचा जुना, जड सोऱ्या, आमच्या आईकडून तिच्याकडे गेलेला. त्याच्या खालच्या काठावर बारीक भोकांची एक गोल चकती बसते. वरून तांदळाची गरम उकड भरली आणि दट्ट्या दाबला की खाली कुरडईचे धागे पडतात. आमच्या घरात मुलगी सासरी निघाली की तिच्याबरोबर कुरडयांचा एक डबा जातो, आणि त्या कुरडया त्याच सोऱ्यातल्या असतात. ताईच्या डब्यातही त्याच होत्या. तिच्या दोन्ही मुलींच्या, माझ्या मुलीच्या, सगळ्यांच्या डब्यांतल्या कुरडया ताईनेच पाडल्या. आता तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं, आणि घरातली ती शेवटची मुलगी. ताईच्या उजव्या खांद्याने दोन वर्षांपासून असहकार पुकारलेला. ही पाळी झाली की सोऱ्या माळ्यावर टाकायचा, असं तिने आधीच जाहीर केलं होतं. म्हणजे ही शेवटची खेप होती, आणि तिच्या आधी चकतीच मधोमध तडकली. दोन भोकांचं एक झालं, मग चारांचं एक, आणि धाग्यांऐवजी गोळा पडू लागला.

"विकत घे ना नवीन," मी म्हणालो.

"बाजारात सगळे हिंडून आले. स्टीलचे मिळतात. चकती आपल्यात बसत नाय. नि त्यांच्या सोऱ्यात उकड खाली जायच्याऐवजी वर येते."

"मग?"

"नात काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणे, आजी, विकतच्या आण ना, कुणाला कळतंय."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय नाय म्हणाले."

ताई काही बोलली नाही म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मी दुसऱ्याच दिवशी पेणला गेलो, सोऱ्याच्या आतला व्यास व्हर्नियरने मोजला आणि फुटकी चकती खिशात घालून परत आलो. व्यास बहात्तर मिलिमीटर. ताईने व्हर्नियरकडे बघून विचारलं, "हे कंपनीचं?" मी म्हटलं, माझं स्वतःचं. निवृत्तीच्या समारंभात कंपनीने मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. साहेबांनी भाषणात माझं नाव शालीच्या पिशवीवरच्या चिठ्ठीवरून वाचलं. घड्याळ थांबलं आहे. व्हर्नियर अजून बरोबर दाखवतो.

फुटकी चकती आधी फिटरकडे गेली. त्याने ती ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन पितळेने सांधली. सांधा सुंदर होता, पण त्यात सात भोकं बुजली, आणि ती पुन्हा पाडताना चकती नव्या जागी तडकली.

"नवीन बनवता आली असती," तो म्हणाला, "पण चार मिलीचा पितळी पत्रा रोह्यात कुठं मिळतोय? तुमच्या स्टोअरला होता."

"होता."

"तिसऱ्या रॅकला, खालच्या कप्प्यात."

तो पत्रा तिसऱ्या रॅकच्या खालच्या कप्प्यातच असायचा. हे त्याला कसं ठाऊक, असं मी त्या वेळी विचारलं नाही. आता गेटच्या आत ना मला प्रवेश होता, ना त्याला. तेव्हा मी मोबाईल काढला आणि ऑनलाइन दुकान उघडलं.

वर एक पांढरी पट्टी होती आणि तिच्यात लिहिलं होतं, 'तुम्हाला काय हवं आहे?' मला बरं वाटलं. ही माझी खिडकी होती. फक्त आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या बाहेरच्या बाजूला उभा होतो. मी चिठ्ठी लिहावी तसं नीट लिहिलं: पितळी चकती, ७२ मिमी.

पहिल्यांदा व्यायामशाळेत उचलतात ती वजनाची चकती आली. मग मोटरसायकलच्या क्लचची प्लेट. मग नळाची जाळी. मग बहात्तर इंची पडदा, फुलाफुलांचा. मी 'सोऱ्या' लिहिलं. स्टीलचे सोरे आले, पंधरा साच्यांसह, दोन हजार प्रकारचे. फिल्टरमध्ये 'पितळ' निवडलं. दोन हजारांतून एक वस्तू उरली आणि ती समई होती. 'कुरडई चकती' लिहिलं तर तयार कुरडयांची पाकिटं आली, आणि ती ताईने बघितली नाहीत हे बरं झालं. प्रत्येक वेळी मी शब्द अधिक नेमका केला आणि प्रत्येक वेळी दुकान अधिक आत्मविश्वासाने चुकलं. शेवटी एकदा 'एकही वस्तू सापडली नाही' असं उत्तर आलं. खिडकीमागून हे वाक्य मी स्वतः किती जणांना ऐकवलं असेल, याची मोजदाद मी करत बसलो नाही.

फिटर शेजारी बसून चहा पीत होता.

"झालं?" त्याने विचारलं.

"नाही."

"द्या इकडं. आत शिरून बघतो."

त्याने पट्टीला हात लावला नाही. बाजूच्या तीन रेघा दाबल्या, तिथे विभागांची यादी होती, आणि तो 'स्वयंपाकघर' या विभागात शिरला. तिथून 'भांडी', तिथून 'साधनं', तिथून आणखी कुठे. अंगठ्याने चित्रं वर सरकवत तो जत्रेत फिरावं तसा फिरू लागला. पाऊण तासाने मी डोकावलो तर पडद्यावर बागेला पाणी घालायचे पाईप होते, आणि त्याने खरेदीच्या टोपलीत एक विजेरी आणि एक पक्कड टाकलेली होती.

"आपण चकती शोधतोय," मी म्हणालो.

"ठाऊक हाय."

"मग हे पाईप कशाला?"

"समोर आले."

"चकती कुठे आहे?"

"समोर आली की कळंल."

या माणसाला मी वीस वर्षं आत सोडलं नाही, ते योग्यच होतं असं मला क्षणभर वाटलं. मग वाटलं, मला तरी काय सापडलं? मी नाव घेऊन दारात उभा होतो, तो दारातून शिरून भरकटला होता, आणि चकती दोघांनाही भेटली नव्हती.

एक गोष्ट इथे कबूल करायला हवी. आमच्या स्टोअरमध्ये पंपांचे रबरी वायसर विजेच्या सामानाच्या रॅकवर होते. कारण एवढंच की ते आले त्या दिवशी तो कप्पा रिकामा होता. पुढे ते तिथेच राहिले, वाढले, आणि त्यांची ती जागा कायम झाली. मला ते ठाऊक होतं, म्हणून कुणाला अडचण नव्हती. मी रजेवर असलो की कंपनीतले पंप गळत. कुठलीही यादी, कुठलंही कपाट असंच असतं. वस्तू कुठे ठेवायची हे ठेवणारा ठरवतो, ठेवताना त्याच्या डोक्यात काय होतं हे कुठेच लिहिलेलं नसतं, आणि शोधणाऱ्याला त्या डोक्यात शिरावं लागतं. त्या ऑनलाइन दुकानात तर हजारो ठेवणारे होते आणि प्रत्येकाचा कुठला ना कुठला कप्पा रिकामा असणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही तह केला. मोबाईल टेबलावर, दोघांच्या मध्ये. मी दोन शब्द लिहायचे, मग त्याने वीस चित्रं बघायची. वीस झाली की पुन्हा माझे दोन शब्द. त्याच्या पाळीत मी बोलायचं नाही, माझ्या पाळीत त्याने हसायचं नाही. बायको चहा देऊन गेली आणि जाताना म्हणाली, "पत्ते तरी घ्या की."

मी लिहिलं: पितळ, गोल. माप मुद्दाम वगळलं. फार नेमकं विचारलं की दुकान घाबरतं, हे आदल्या दिवशी कळलं होतं. फिटरने चित्रं सरकवली. हंडे, घंटा, नावाच्या पाट्या, दाराच्या मुठी. सोळाव्या चित्राशी त्याचा अंगठा थांबला. पूजेचं ताम्हन होतं.

"हे ताम्हन आहे," मी म्हणालो, नियम मोडून.

"ताम्हन हाय ते दिसतंय. पण पितळ बघा, जाड हाय. हा माणूस जाड पितळ विकतोय. ह्याच्या खाली बारीक काय लिवलंय?"

"पूजा साहित्य."

"तिकडं चला."

म्हणजे माझ्या शब्दाने आम्ही दारापर्यंत आलो आणि त्याच्या डोळ्याने आत. स्वयंपाकघर सोडून देवघरात. तिथे गेल्यावर पुन्हा माझी पाळी होती, आणि आता मी माप काढलं, कारण आता आम्ही सगळ्या दुकानात नव्हतो, एका खोलीत होतो. त्या विभागापुरताच शोध, धातू पितळ, व्यास सात ते आठ सेंटिमीटर. हजारांतून तीस-चाळीस वस्तू उरल्या. निरांजनं, हळदकुंकवाच्या वाट्या, शंखाच्या बैठकी.

"हाय!" फिटर ओरडला. "हीच."

चित्रात एक सपाट, गोल, पितळी चकती होती. मधून कडेपर्यंत वर्तुळात बारीक भोकं. खाली लिहिलं होतं: अगरबत्ती स्टँड, गोल.

"ही अगरबत्तीची आहे," मी म्हणालो.

"तिला काय ठाऊक ती कशाची हाय?"

मी वर्णन वाचलं. व्यास बहात्तर मिलिमीटर. जाडी चार. भोकं एकसष्ट. फुटकी चकती काढून भोकं मोजली. तिला सांधण्यापूर्वी साठाच्या आसपास असावीत. अगरबत्तीची काडी आणि कुरडईचा धागा यांची जाडी जवळपास सारखी असते, हेही त्या दिवशी समजलं. मी मागणी नोंदवण्याआधी कागदावर यादी केली: व्यास, जाडी, धातू, भोकांची संख्या, भोकांचं माप, वस्तू परत घेण्याची अट, पोचण्याचा दिवस. सातही गोष्टी तपासल्या, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण केली. आठवी गोष्ट यादीत नव्हती.

पत्ता ताईचा दिला. फोन करून सांगितलं, चकती निघाली, शुक्रवारी पोचेल.

"नक्की?"

"नक्की. मी सगळं तपासलंय."

तिने त्याच दिवशी तांदूळ भिजत घातले. या कुरडयांचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं, चौथ्या दिवशी वाटायचे आणि पाचव्याच्या सकाळी उन्हाच्या आत पाडायला बसायचं. एकदा भिजवले की थांबवता येत नाहीत. वाटलेलं पीठ आणखी दिवसभर ठेवलं तर आंबून जातं. लग्नाला तीन आठवडे होते, आणि कुरडयांना लागतात तसले जुने तांदूळ आता तिच्याकडे पुन्हा भिजवण्याइतके नव्हते.

मोबाईलवर पार्सलचा प्रवास दिसत होता. मुंबईहून निघालं. पनवेलला आलं. गुरुवारी सकाळी वडखळला पोचलं, म्हणजे पेण ओलांडून पुढे. संध्याकाळी बघितलं तरी वडखळला.

"तिथंच अडकलंय," मी म्हणालो.

"वडखळच्या नाक्यावर कोण अडकत नाय?" फिटर म्हणाला.

शुक्रवारी दुपारी ताईचा फोन आला. खोका आला होता. मी तिला उघडू नको म्हणालो, आम्ही येतो. फिटरही निघाला. "मी पसंत केलेली वस्तू हाय," असं त्याचं म्हणणं. रोह्याहून एसटीने आम्ही चारच्या सुमारास पेणला उतरलो.

ताईच्या ओटीवर वाटलेल्या पिठाचं पातेलं फडक्याने झाकून ठेवलेलं होतं. शेजारी सोऱ्या, चिंचेने घासून चकचकीत केलेला. खोका एवढा मोठा होता की आत ताईचा मिक्सर मावला असता. कागदाचे बोळे काढत काढत तळाशी चकती मिळाली. फिटरने खिशातून लोहचुंबक काढून लावून बघितला. चिकटला नाही, म्हणजे लोखंडावर दिलेला मुलामा नव्हता. मी व्हर्नियर लावला. बहात्तर. ताईने ती सोऱ्यात सोडली आणि ती खालच्या काठावर 'टक्' आवाज करून बसली. जणू तिथलीच.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं; चेहऱ्यावर असेल काहीतरी.

ताईने सोऱ्या उचलला, एक डोळा मिटला आणि खिडकीकडे धरून आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"अरे, उजेड दिसत नाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे बघ."

मी बघितलं. फिटरने बघितलं. भोकं वरून होती, खालून नव्हती. अगरबत्तीची काडी रुतून बसायला तेवढीच पुरते; आरपार असती तर काडी खाली घसरली असती. बनवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

ताई खाली बसली. पातेल्यावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "तुम्ही दोघं कंपनीत किती वर्षं होतात म्हणालात?"

"दोघांची मिळून साठेक," फिटर म्हणाला.

"मग कंपनी चालली कशी?"

"रात्री पण चालायची, ताई. तीन शिफ्टमधी."

ती हसली नाही. तिचं लक्ष पातेल्याकडे होतं. "आज नाय झालं तर उद्या सगळं गाईला," ती म्हणाली, आणि आवाज इतका साधा होता की मी व्हर्नियर खिशात घातला.

फिटरने चकती उलटी केली, नखाने वाजवली. "खाली मिलीभरच ऱ्हायलंय. आरपार करून टाकू. पितळ हाय, ऐकंल. ड्रिल कुणाकडं हाय?"

ड्रिल मागच्या गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात होतं. मूर्तींचे हात बसवायला, तारा घालायला लागतं. आम्ही गेलो तेव्हा पांढरे, न रंगवलेले गणपती छतापर्यंत रांगेत बसलेले होते आणि कारागीर चहानंतरच्या सुस्तीत सोंडा घासत होता. ताईचं नाव सांगितल्यावर त्याने ड्रिल दिलं, पण त्याला लावायचं दीड मिलीचं बिट त्याच्याकडे नव्हतं.

फिटरने शर्टाच्या आतल्या खिशातून तंबाखूची चपटी डबी काढली. आत फडक्यात गुंडाळलेली तीन बारीक बिटं होती. प्रत्येकाच्या मुळाशी पिवळ्या रंगाचा ठिपका. आमच्या स्टोअरमधल्या प्रत्येक बिटाला मी स्वतः पिवळा ठिपका द्यायचो.

मी त्या ठिपक्यांकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं.

"चिठ्ठी?" मी विचारलं.

"तुम्ही डबा खात होता."

मग मी चकती धरून बसलो आणि त्याने भोकं पाडली. पहिलं बिट एकोणिसाव्या भोकात मोडलं. दुसरं चव्वेचाळिसाव्यात. कारागीर काम सोडून बघत उभा राहिला आणि मधेच म्हणाला, "हात थरथरतोय बाबा तुमचा." फिटर म्हणाला, "माझा नाय, धरणाऱ्याचा." ते खरं होतं. दिवेलागणीच्या सुमारास साठ भोकं आरपार झाली. एकसष्टावं, अगदी मधलं, तिसऱ्या बिटाचं टोक पोटात घेऊन बंद झालं. ते अजून तसंच आहे. मोडकी बिटं फिटरने फडक्यात गुंडाळून माझ्या हातात ठेवली. "जमा करून घ्या," तो म्हणाला.

ताईने चकती खिडकीशी धरली. "आता दिसतंय," ती म्हणाली. "मधलं एक मुकं आहे."

"मुकंच बरं," फिटर म्हणाला. "आमच्यातलं एक तरी गप ऱ्हाऊं दे."

तिने चकतीवरचा चकाकीचा लेप निघेपर्यंत ती चिंचमिठाने घासली, दोनदा पाण्यात उकळली. आम्ही रात्री तिथेच राहिलो. सकाळी उकड शिजली. फिटरने सोऱ्या दाबायला हात पुढे केला तर तिने तो बाजूला केला. डावा हात दट्ट्यावर, उजवा त्याच्यावर, आणि सगळं अंग त्या हातांवर टाकून तिने पहिली कुरडई प्लास्टिकच्या कागदावर पाडली. साठ धागे, गोल फिरत, मध्ये रिकामी जागा.

तिने ती जवळून बघितली. "जाड आल्यात," ती म्हणाली.

फिटरने कागदाचा दुमडलेला कोपरा सपाट केला.

"पण आल्यात," ती म्हणाली, आणि दुसरी पाडायला घेतली.

ऊन चढेपर्यंत आठ कागद भरले. वाळल्यावर डबा भरला, नातीबरोबर गेला. लग्नानंतर महिन्याभराने नातीने सासरहून फोटो पाठवला: तळलेल्या कुरडयांचं ताट, प्रत्येक कुरडईच्या मध्ये एक भोक, आणि कुणाचा तरी हात ताटात. खाली लिहिलं होतं, 'सासूबाई विचारतात, कुठल्या दुकानातल्या?' ताईने चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला. "तेल कमी तापलंय," ती म्हणाली. तो फोटो तिने पुढचे आठ दिवस भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना दाखवला, आणि प्रत्येकाला तेलाबद्दल सांगितलं. सोऱ्या माळ्यावर गेला नाही. फडताळात आहे.

ऑनलाइन दुकान मला विसरलेलं नाही. मी एकदा देवघरात शिरलो म्हणून ते मला रोज धूप, अगरबत्ती आणि कापूर सुचवतं. फिटरमुळे अधूनमधून बागेचे पाईपही. आमच्या घरात अगरबत्ती लावत नाहीत. बायकोला शिंका येतात. बरेच दिवस ते मला 'खरेदी कशी वाटली?' असं विचारत राहिलं, तेव्हा मी एकदाचा अभिप्राय लिहिला: 'माप तंतोतंत. पितळ चांगलं. भोकं आरपार नाहीत, ती पाडून घ्यावी लागतात. तांदळाच्या कुरडया उत्तम होतात, किंचित जाड.' पाच तारे दिले. फिटरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, कुणाला तरी उपयोग होईल.

त्या अभिप्रायाखाली आतापर्यंत एकाच ग्राहकाने काही लिहिलं आहे. त्याने विचारलंय, यात अगरबत्ती नीट बसते का. मला ठाऊक नाही.